स्नायूला बाहेरचं कॅल्शियम लागत नाही, तर मग गाय खाली का बसते?

शिरवळच्या पशुवैद्यकीय कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीचा प्रश्न आहे. तिच्याच शब्दांत थोडक्यात: "शरीरक्रियाशास्त्राच्या तासाला शिकवलं की सांगाड्याच्या स्नायूला आखडायला बाहेरचं कॅल्शियम लागत नाही, सगळं पेशीच्या आतल्या साठ्यातून येतं. मग मिल्क फिव्हरमध्ये रक्तातलं कॅल्शियम उतरलं की गाय लुळी का पडते? आणि माणसात तेच उतरलं की हात आखडून वाकडे का होतात? स्नायूत कॅल्शियम आत-बाहेर जातं तरी का? जाता जाता अजून एक. आमची आजी रात्री पोटरीत गोळा आला की कॅल्शियमची गोळी घेते, उपयोग होतो का?"

मी सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठच्या गावांतून 27 वर्षं जनावरं बघतोय. शिकणाऱ्या मुलीला 'तुम्ही' म्हणणं मला जमत नाही, तेव्हा तू म्हणतो.

तुझ्या सरांनी शिकवलंय ते बरोबर आहे. गाय बसते हेही खरं आहे. दोन्हींचा मेळ बसत नाही, कारण "कॅल्शियम कमी झालं" म्हणताना ते कुठलं कमी झालं हे आपण विचारत नाही. रक्तातलं कॅल्शियम आणि स्नायूच्या पेशीतल्या पिशव्यांमधलं कॅल्शियम ही दोन वेगळी खाती आहेत. पहिलं रिकामं झालं तरी दुसरं भरलेलं राहतं. खाली पडलेल्या गाईच्या मांडीतला साठा संपलेला नसतो. तो बाहेर काढायचा हुकूमच तिथवर पोचत नाही. सगळं उत्तर एवढंच आहे, पण ते पटायला जरा आत शिरावं लागेल.

मागच्या श्रावणातली गोष्ट सांगतो. पलूस तालुक्यातला एक गोठा, रात्रीचे साडेदहा, पाऊस भुरभुरत होता. एचएफ क्रॉस गाय, चौथं वेत. आक्का दारातच उभ्या. "डॉक्टर, सकाळी व्याली, दोन्ही टायमाची धार काढली, आन् आता बगा, मान टाकलीया." गाय छातीवर बसलेली, मान वळवून तोंड बरगडीला टेकवलेलं, मानेला तो ठरलेला बाक. नाकपुडीवर एरवी दवासारखे थेंब असतात, ती कोरडी खडखडीत. कान हाताला गार. नाव मिल्क फिव्हर, मराठीत तर दुग्धज्वर, आणि ताप औषधालाही नाही. हे नाव कुणी ठेवलं देव जाणे. छातीला स्टेथोस्कोप लावला तर ठोके जलद, पण लांबून कुणी घोंगडीखाली वाजवतंय इतके दबके. पाय उचलून सोडला की ओल्या गोणपाटासारखा खाली.

आता त्या पायाच्या एका स्नायूतंतूत शिरू.

हा तंतू म्हणजे केसाएवढी जाड, लांबच लांब पेशी. तिच्या आत अॅक्टिन आणि मायोसिनचे धागे एकमेकांत घुसून बसलेले. मायोसिनला अॅक्टिन पकडून ओढायचं असतं, पण अॅक्टिनवरच्या पकडायच्या जागा ट्रोपोमायोसिन नावाच्या दोरीनं झाकलेल्या असतात. त्या दोरीला ट्रोपोनिनचं कुलूप आणि कुलपाची किल्ली म्हणजे कॅल्शियम. 1960 च्या दशकात टोकियोच्या सेत्सुरो एबाशींनी हे ट्रोपोनिन शोधलं, तोवर साध्या कॅल्शियमसारख्या धातूकडे एवढी मोठी कामगिरी असेल हे बऱ्याच मोठ्या लोकांना पटत नव्हतं.

स्नायू सैल असताना पेशीच्या आतल्या पाण्यात मोकळं कॅल्शियम जवळजवळ नसतंच. पेशीबाहेर, रक्तात आणि ऊतींच्या पाण्यात, मोकळं कॅल्शियम लिटरला साधारण 1.2 मिलिमोल, आत त्याच्या दहा हजाराव्या हिश्शाएवढं. म्हणजे बाहेर 10,000 तर आत 1. वर पेशीची आतली बाजू ऋण भारित, सुमारे 90 मिलिव्होल्टनं. कॅल्शियम धन भारित. त्यामुळे एखादं दार जरी किलकिलं झालं तरी कॅल्शियम आत कोसळायला टपलेलं असतं.

आणि या पेशीच्या पोटात आणखी एक बंदिस्त जागा आहे, सार्कोप्लाझ्मिक रेटिक्युलम. नाव लांबडं आहे, आपण एसआर म्हणू. धाग्यांच्या प्रत्येक जुडीभोवती जाळीदार बाहीसारखी गुंडाळलेली पिशवी. तिच्यात कॅल्शियम ठासून भरलेलं, आणि तिथं कॅल्सीक्वेस्ट्रिन नावाचं प्रथिन डझनावारी कॅल्शियम अंगावर वागवत बसलेलं असतं, म्हणून एवढ्याशा जागेत एवढा माल मावतो. स्नायू ज्या कॅल्शियमवर आखडतो ते हे. बाहेरचं नव्हे.

आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर ताकारी-म्हैसाळ उपसा सिंचन योजनेसारखं आहे. वरच्या टप्प्यावरचं पाणी दार उघडलं की उतारानं आपोआप शेतात येतं, त्याला वीज लागत नाही. वीज लागते ती पाणी वर चढवायला. एसआरमधून कॅल्शियम बाहेर येतं ते उतारानं, फुकट, दोन-चार मिलिसेकंदांत. परत आत भरायला सेर्का नावाचे पंप, आणि दर दोन कॅल्शियममागे एका एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाच्या एका रेणूचा, खर्च. आपली एक समजूत असते की आखडायला ताकद लागते आणि सैल पडणं म्हणजे विश्रांती. स्नायूचा हिशेब तसा नाही, सैल पडायलाही बिल येतं. मेलेलं जनावर काही तासांत ताठ होतं ते याचमुळे. एटीपी संपला, पंप बंद, कॅल्शियम झिरपून बाहेर येतं, मायोसिन अॅक्टिनला धरून बसतं आणि सुटायलाही एटीपी लागतो तो शिल्लक नसतो.

हे नुसतं पुस्तकी चित्र नाही, लोकांनी ते डोळ्यांनी पाहिलंय. 1967 मध्ये रिजवे आणि अॅशली या दोघांनी समुद्री खडकांना चिकटणाऱ्या बार्नेकल नावाच्या प्राण्याचा जाडजूड स्नायूतंतू घेतला आणि जेलीफिशमधलं एक्वोरिन हे प्रथिन त्यात टोचलं. कॅल्शियम भेटलं की ते चमकतं. तंतूला विजेचा झटका दिला की आधी आत उजेड पडायचा, मग तंतू ओढ घ्यायचा. ओढ शिगेला पोचेपर्यंत उजेड विझत आलेला असायचा. म्हणजे कॅल्शियम येतं, किल्ली फिरवतं आणि काम चालू असतानाच परत गोळा केलं जातं.

मग एसआरचं दार कोण उघडतं? इथंच तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे, म्हणून जरा थांब.

मज्जातंतूकडून निरोप आला की स्नायूपेशीच्या पडद्यावर विजेची लाट धावते. तो पडदा जागोजागी आत घुसून बारीक बोगदे तयार करतो, त्यांना टी-ट्यूब्यूल म्हणतात. लाट बोगद्यातून खोलवर जाते. बोगद्याच्या भिंतीत डायहायड्रोपिरिडिन रिसेप्टर असतो, समोर एसआरच्या भिंतीत रायनोडिन रिसेप्टर, वीस लाख हायड्रोजन अणूंपेक्षा जड असा अगडबंब चौकडी दरवाजा. दोघं एकमेकांना भिडलेले. बोगद्यात वीज आली की पहिला अंग वळवतो आणि त्या हिसक्यानं दुसरा उघडतो. हे शब्दशः दोरी ओढून दार उघडण्यासारखं आहे. बाहेरून कॅल्शियमचा एक कणही आत यायची गरज पडत नाही.

खरी गंमत अशी की हा डायहायड्रोपिरिडिन रिसेप्टर मुळात कॅल्शियमचंच दार आहे, आणि तो शरीरात सगळ्यांत जास्त सापडतो तो याच स्नायूंत. पण इथं तो दार म्हणून कामाला नाही, पहारेकरी म्हणून आहे. त्यातून थोडं कॅल्शियम आत येतं, पण इतक्या सावकाश की तोवर एक झटका संपून स्नायू सैलही पडलेला असतो. काही माशांच्या स्नायूंत तर तो कॅल्शियम सोडतच नाही. 2017 मध्ये उंदरांत हा रस्ता जनुकीय बदल करून पूर्ण बुजवला, उंदीर धडधाकट पळत होते. आणि घरातला पुरावा हवा असेल तर ब्लड प्रेशरच्या गोळ्या बघ. अम्लोडिपिन ही डायहायड्रोपिरिडिनच, कॅल्शियमची दारं अडवणारी. तुझ्या ओळखीत किमान चार जण घेत असतील. रक्तवाहिन्या सैल पडतात, पण कुणाचे पाय लुळे पडलेत का?

1972 साली आर्मस्ट्राँग, बेझानिया आणि होरोविच यांनी बेडकाचे स्नायूतंतू अशा द्रावणात ठेवले की ज्यातलं कॅल्शियम ईजीटीए नावाच्या रसायनानं पुसून काढलं होतं. तंतू झटके देत राहिले, मिनिटामागून मिनिटं. तुझ्या सरांचं वाक्य या प्रयोगावर उभं आहे.

हृदयाचं तसं नाही. लंडनच्या सिडनी रिंगरनं 1882 मध्ये बेडकाचं हृदय मिठाच्या पाण्यात धडधडत ठेवलं आणि वाटलं, जमलं. पुढं कळलं की पाणी शुद्ध केलेलं नव्हतं, नळाचं होतं. खऱ्या शुद्ध पाण्यात हृदय थांबलं. नळाच्या पाण्यातलं कॅल्शियम ते हृदय चालवत होतं. 1883 मध्ये त्यानं चूक मान्य करून पुन्हा छापलं. आपण रोज लावतो त्या रिंगर लॅक्टेट सलाईनमधला रिंगर तो हाच. हृदयाच्या पेशीत बाहेरून थोडं कॅल्शियम खरोखर आत यावं लागतं, त्या चिमूटभर कॅल्शियमच्या धक्क्यानं तिथला एसआर उघडतो. बाहेरचं पुसून टाकलं की ठोकाच नाही.

म्हणून त्या रात्री शिरेत सुई गेली तेव्हा माझं निम्मं लक्ष बाटलीवर नव्हतं, कानात होतं. 450 मिलिलिटरच्या 25 टक्के कॅल्शियम बोरोग्लुकोनेटच्या बाटलीत साधारण 8 ते 9 ग्रॅम कॅल्शियम असतं. गाईच्या रक्तद्रवात मुळात असतं ते सगळं मिळून 3 ग्रॅमच्या आसपास. हिशेब कर, आपण काय करतोय ते. पायाच्या स्नायूला या लाटेचं सोयरसुतक नाही, हृदय मात्र उघड्यावर बसलंय. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, पुढच्या गावाला जायची घाई म्हणून, मी एकदा बाटली उंच धरून धार मोठी सोडली होती. ठोके आधी मोठे झाले, मग संथ, मग दोन ठोक्यांत एवढं अंतर पडलं की माझ्याच अंगाला घाम फुटला. नळी दाबली. गाय वाचली, नशीब तिचं आणि माझं. तेव्हापासून बाटली संपायला पंधरा मिनिटं तरी लागलीच पाहिजेत, आणि डावा हात स्टेथोस्कोपवर. तुझे सीनियर मोबाईलवर बोलत बोलत बाटली लावताना दिसतील. तू तसं करू नकोस.

तर साठा भरलेला, दार शाबूत. मग गाय का बसली?

कारण साखळीत याच्या आधी एक जागा आहे जिथं बाहेरचंच कॅल्शियम लागतं. मज्जातंतूचं टोक. मज्जातंतू स्नायूला चिकटलेला नसतो, मध्ये फट असते. तंतूच्या टोकाशी वीज आली की तिथली कॅल्शियमची दारं उघडतात, बाहेरचं कॅल्शियम टोकात शिरतं आणि त्याच्या जोरावर अॅसिटिलकोलीन या निरोप पोचवणाऱ्या रसायनाच्या पुड्या फटीत सोडल्या जातात. इथं एसआरसारखं घरचं गोदाम नाही, रोजच्या बाजारातून आणायचं. आणि हिशेब सरळ नाही. डॉज आणि राहामिमॉफ यांनी 1967 मध्ये बेडकाच्या स्नायूवर मोजलं, की कॅल्शियम कमी असतं त्या पट्ट्यात पुड्या सुटण्याचं प्रमाण कॅल्शियमच्या चौथ्या घाताच्या आसपास बदलतं. म्हणजे कॅल्शियम निम्मं केलं तर पुड्या निम्म्या होत नाहीत, सोळाव्या हिश्शावर येतात. एरवी गरजेपेक्षा बऱ्याच जास्त पुड्या सुटत असल्यानं थोडी तूट चालून जाते. तूट वाढली की मात्र कडेलोट.

गाईचं रक्तातलं कॅल्शियम एरवी डेसिलिटरला 8.5 ते 10 मिलिग्रॅम. व्याल्यावर दहा लिटर चीक निघाला तर त्यातून 20 ग्रॅमच्या वर कॅल्शियम कासेतून गेलं, रक्तातल्या एकूण शिलकीच्या कितीतरी पट. हाडातून आणि आतड्यातून भरपाई व्हायला एक-दोन दिवस लागतात, आणि वय वाढलं की ही भरपाई सुस्तावते, म्हणून तिसऱ्या वेतापासून पुढं हे जास्त. त्यात जनावर महिनोन्महिने नुसत्या उसाच्या वाड्यावर असेल तर आणखी पंचाईत, वाड्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. आकडा 5 च्या खाली आला की गाय बसते. स्नायू हुकमाची वाट बघत भरल्या कोठारावर बसून राहतो. फक्त हेच एक कारण असतं असं नाही, फॉस्फरसही अनेकदा उतरलेला असतो, पण लुळेपणाचा कणा हा. पोटाचा, गर्भाशयाचा, मूत्राशयाचा मऊ स्नायू तर बाहेरच्या कॅल्शियमवर बराच अवलंबून असतो, म्हणून पोट फुगतं, शेण अडतं, वार अडकते.

आता माणसाचं. कॅल्शियमचं तिसरं एक काम आहे, पहारा देण्याचं. मज्जातंतूच्या पडद्यावर बाहेरून बसलेलं कॅल्शियम तिथल्या सोडियमच्या दारांना जणू अडसर लावून ठेवतं. ते कमी झालं की दारं क्षुल्लक कारणानं उघडतात आणि तंतू कुणी न सांगता निरोप धाडत सुटतो. माणसात आकडा साधारण 9.4 वरून 6 च्या आसपास आला की हेच होतं: बोटं जुळून मनगट वाकतं, ओठांभोवती मुंग्या येतात. दवाखान्यात ब्लड प्रेशरचा पट्टा दंडाला तीन मिनिटं फुगवून ठेवतात आणि हात तसा वळतो का बघतात, ती ट्रूसोची खूण. लक्षात घे, हातातल्या स्नायूला ना जास्त कॅल्शियम मिळालंय ना कमी. मज्जातंतू बेताल झालाय आणि स्नायू मुकाट हुकूम पाळतोय, आपल्या घरच्या साठ्यातून.

म्हणजे कॅल्शियम उतरलं की दोन उलट गोष्टी एकदम होतात. तंतू चिडतो आणि तंतूच्या टोकाचा पुरवठा आटतो. कुठली वरचढ ठरते यावर चित्र ठरतं. माणसात आणि कुत्रीत चिडणं वरचढ, पुड्या सुटणं बऱ्यापैकी चालू राहतं. पिल्लं पाजणारी पॉमेरेनियन घेऊन मिरजेचे लोक येतात, थरथरते, ताठ होते, अंग भाजत असतं. खरा ज्वर तिला असतो, नाव मात्र गाईला मिळालं! गाईत पुरवठा आटणं वरचढ. त्यात मॅग्नेशियमचाही हात असतो. ते पुड्या सुटण्याला आवर घालतं, आणि व्यायलेल्या गाईत ते बहुधा ठीकठाक किंवा थोडं वर असतं. मॅग्नेशियमही सोबत उतरलं तर गाईसुद्धा लुळी न पडता झटके देते.

आणि नीट बघितलं तर गाईलाही माणसाचा टप्पा येऊन जातो. बसायच्या आधी तासभर ती बावचळते, मागचे पाय ताठ टाकते, अंगावरची कातडी थरथरते, हात लावला की दचकते. तो टप्पा आपल्याला क्वचित दिसतो कारण आपल्याला बोलावतात बसल्यावर. आक्कांना विचारलं तर त्या म्हणाल्या, "सांजंला जरा लाथा झाडत हुती, म्या म्हनलं डास असत्याल."

बाटली अर्धी संपत आली तसे ठोके जवळ येऊ लागले. मग कुशीवर आणि खांद्यामागे बारीक थरथर, पाण्यावरून वारं जावं तशी. मला ही थरथर फार आवडते. पुड्या पुन्हा सुटायला लागल्या, हुकूम पोचायला लागला, याचा तो उघड्या डोळ्यांना दिसणारा पुरावा आहे. मग ढेकर, मग शेणाचा पो, आणि नाकपुडीवर थेंब. मांडीच्या स्नायूतला कॅल्शियमचा साठा या पंधरा मिनिटांत वाढलेला नाही. तो होताच.

तुझा पुढचा प्रश्न: मग आत-बाहेर जातं तरी का? जातं, पण ओढ्यासारखं नाही, झिरपल्यासारखं. पडद्यातून थोडं सतत आत गळतं. पडद्यावरचे पंप आणि सोडियम घेऊन कॅल्शियम देणारे अदलाबदलीचे रस्ते ते बाहेर टाकतात. जमा-खर्च शून्यावर. एका झटक्यात एसआरमधून जेवढं सुटतं त्याच्या तुलनेत ही ये-जा किरकोळ असते. पण साठा खरोखर उतरला, म्हणजे दीर्घ मेहनतीत, तर एसआरच्या भिंतीतलं स्टिम-1 नावाचं प्रथिन ते ओळखतं आणि बाहेरच्या पडद्यातलं ओराय-1 हे दार उघडवतं. विहिरीचं पाणी खाली गेलं की आपोआप चालू होणाऱ्या मोटरसारखं. ही सोय उपजत नसलेली बाळं स्नायूंनी ढिली असतात. हीच सोय कायम चालू राहिली तरी स्नायू आजारतात.

एसआरचं दारच नादुरुस्त असलं तर? 1960 मध्ये मेलबर्नच्या डॉक्टरांनी पाय मोडलेल्या एका तरुणाची हकिगत छापली. त्याचे दहा नातेवाईक भूल देताना दगावले होते. भुलीच्या वायूनं अशा माणसांचे रायनोडिन दरवाजे उघडे राहतात, पंप जिवाच्या आकांतानं धावतात, अंग तापून लाल. तसाच दोष डुकरांतही असतो आणि त्यातला जनुकीय बदल 1991 मध्ये सापडला. डँट्रोलिन हे औषध तो दरवाजा लोटतं. यातही बाहेरच्या कॅल्शियमचा मूळ दोष नाही, घरातलंच सांडलेलं असतं.

बाहेरचं कॅल्शियम लोंढ्यानं स्नायूत शिरतं ते मात्र एकाच प्रसंगी, पडदा फाटल्यावर. आणि तेव्हा ते विष असतं. आत शिरून ते प्रथिनं तोडणारी कॅल्पेन जागी करतं, मायटोकॉन्ड्रिया गच्च भरून टाकतं, तंतू जागच्या जागी आवळून तुटतात. अजिंक्यताऱ्यावर सकाळी चढून गेलेल्या नवख्याला विचार, दुसऱ्या दिवशी मांड्या कशानं दुखतात. चढण्यापेक्षा उतरण्यानं जास्त, कारण उतरताना स्नायू ताणला जात असतानाच आखडत असतो आणि त्याचे पडदे बारीकसारीक फाटतात. यवतेश्वरचा घाट धावत उतरणाऱ्यांनाही हे ठाऊक आहे. ते चार दिवसांत भरून येतं.

बसलेल्या गाईचं भरून येत नाही. पाचशे किलोचं धड एका मांडीवर, खाली फरशी. काही तासांत त्या मांडीतलं रक्त अडतं, एटीपी संपतो, पंप थांबतात, पडदे विरतात आणि रक्तातलं जे काही कॅल्शियम आहे ते आत शिरून मांडी नासवतं. मग सकाळी डॉक्टर येतो, बाटली लावतो, गाय ढेकर देते, खाते, टक लावून बघते आणि उठत नाही. मालक म्हणतो कॅल्शियम कमी पडलं, आणखी एक बाटली द्या. तिसरी-चौथी बाटली चढलेली मी बघितलीय, हृदयाला धोका तेवढा वाढतो. तिथं कॅल्शियम कमी पडलेलं नसतं, ते नको तिथं जाऊन बसलेलं असतं.

म्हणून त्या रात्री सुई लावायच्या आधी मी आक्कांच्या पोराला उसाचं पाचट आणायला पिटाळलं होतं. फूटभर जाड पसरलं, गाय त्यावर सरकवली, दर तीन तासांनी कूस बदलायला सांगितली. शेपटी धरून ओढायची नाही. नळकांड्यानं गुळाचं पाणी पाजायचं नाही, लुळ्या जनावराचा घसाही लुळा असतो, पाणी फुप्फुसात जातं. आणि दोन दिवस कास पूर्ण पिळून काढायची नाही. आमच्या जुन्या कंपाउंडरकडून ऐकलंय, बाटल्या नव्हत्या त्या काळी सडातून कासेत हवा भरत. ही युक्ती डेन्मार्कच्या कोल्डिंग गावातल्या श्मिट नावाच्या पशुवैद्याच्या 1897 च्या उपचारातून निघाली. त्यानं मुळात औषधी पाणी भरलं होतं, पुढं लोकांना कळलं की नुसती हवा भरली तरी गाय उठते. कास फुगली की दूध उतरणं थांबतं, कॅल्शियमची गळती थांबते. का उठते हे कळायला पुढं आणखी पंचवीसेक वर्षं गेली. गाय मध्यरात्रीनंतर उठल्याचा आक्कांच्या पोराचा फोन आला.

राहता राहिली तुझी आजी. मी माणसांचा डॉक्टर नाही, पण एवढं सांगतो. पोटरीतला गोळा हा बहुतेक वेळा मज्जातंतूचा हट्ट असतो, तो पोटरीला हुकूम देत राहतो. स्नायूतलं कॅल्शियम त्यात नेहमीसारखंच साठ्यातून येत-जात असतं. रक्तातलं कॅल्शियम ठीक असेल तर गोळीनं त्या साठ्यात काही भर पडत नाही. तोंडातून घेतलेली गोळी आतड्यातून रक्तात यायलाही वेळ लागतो, तोवर गोळा आपणहून उतरलेला असतो आणि श्रेय गोळीला जातं. गोळा आला की पाय सरळ ठेवून चवडा गुडघ्याकडे ओढून धरायला सांग, अर्धा मिनिट. पोटरी ताणली की हट्ट मोडतो. वारंवार येत असेल, किंवा हाताच्या बोटांनाही मुंग्या येत असतील, तर मात्र डॉक्टरांना दाखवून रक्त तपासून घ्या. कॅल्शियमसोबत मॅग्नेशियम आणि ड जीवनसत्त्वही बघायला सांग. प्रेशरची लघवी होणारी गोळी चालू असेल तर तीही पिशवीत घालून न्या.